स्मृति-व्यवस्थापनातील वापरबाह्य आज्ञाभागांचे निष्कासन

संगणकाच्या परिचालन प्रणालीच्या गाभ्यात, म्हणजेच कर्नेलमध्ये, स्मृतीचे वाटप करणे, तिचे रक्षण करणे व काम संपल्यावर ती परत घेणे ही कार्ये करणारा एक स्वतंत्र विभाग असतो. या विभागातील जे आज्ञाभाग (व्यवहारात ‘कोड’) कोणत्याही कार्यासाठी लागेनासे झाले आहेत, ते शोधून व त्यांची निरुपयोगिता निश्चित करून मूळ आज्ञापाठातून कायमचे काढून टाकण्याच्या क्रियेस निष्कासन म्हणतात. वरवर पाहता ही केवळ साफसफाई वाटते. परंतु एखादा आज्ञाभाग खरोखरच कोणी वापरीत नाही हे सिद्ध करणे अवघड असल्याने व चुकीचा निर्णय झाल्यास दूरच्या वापरकर्त्याचा संगणक बंद पडण्याचा संभव असल्याने, परिचालन प्रणालीच्या देखभालीतील ते एक जबाबदारीचे काम मानले जाते. प्रस्तुत नोंदीत लिनक्स या परिचालन प्रणालीच्या गाभ्यातील उदाहरणांच्या आधारे या क्रियेची माहिती दिली आहे. लिनक्सचा मूळ आज्ञापाठ सर्वांस खुला असून त्यातील प्रत्येक बदलाची कारणासह नोंद ठेवली जात असल्याने या विषयाच्या अभ्यासास तो विशेष सोयीचा आहे.

निष्कासनाशी नामसादृश्य असलेल्या एका वेगळ्या क्रियेचा येथे उल्लेख करणे जरूर आहे. संगणक सुरू होताना फक्त एकदाच लागणारे आज्ञाभाग लिनक्सच्या गाभ्यात वेगळ्या खंडात ठेवलेले असतात व प्रारंभ पूर्ण होताच त्यांनी व्यापलेली स्मृती मोकळी करण्यात येते. हे आज्ञाभाग पुढील प्रारंभाच्या वेळी पुन्हा लागतात. म्हणून ते वापरबाह्य नव्हेत. निष्कासन मूळ आज्ञापाठाचे होते, चालू संगणकातील स्मृतीचे नव्हे.

पार्श्वभूमी : गाभ्याचा स्मृति-विभाग संगणकाच्या भौतिक स्मृतीची समान आकाराच्या ‘पृष्ठां’त विभागणी करतो, पुष्कळशा संगणकांत हे पृष्ठ ४,०९६ बाइटांचे असते. चालू असलेल्या प्रत्येक कार्यक्रमाला आपली स्मृती सलग व स्वतंत्र आहे असे भासते. हा भास निर्माण करण्यासाठी आभासी पत्ते व भौतिक पत्ते यांची सांगड घालणाऱ्या पृष्ठसारण्या ठेवाव्या लागतात. याशिवाय गाभ्याला स्वतःच्या वापरासाठी काही दहा-वीस बाइटांपासून काही हजार बाइटांपर्यंतचे छोटे स्मृतिखंड सतत लागतात व त्यांसाठी निराळी वाटपयंत्रणा असते. प्रणालीतील प्रत्येक कार्यक्रम, फाइल व जालसंपर्क यांचे काम अखेर या विभागावर अवलंबून असल्याने येथील लहानशा दोषाचाही परिणाम सर्वत्र पोहोचतो.

फिनलंडमधील विद्यार्थी लायनस टॉर्व्हाल्ड्स यांनी १९९१ मध्ये लिनक्सची पहिली आवृत्ती प्रसृत केली, तेव्हा तिचा आज्ञापाठ सु. १०,००० ओळींचा होता. आज तो कोट्यवधी ओळींचा आहे. वाढीचा हा क्रम लिनक्सपुरता मर्यादित नाही. मायर लेमन व लास्लो बेलाडी यांनी आयबीएमच्या ओएस/३६० या प्रणालीच्या वाढीचा अभ्यास केला आणि लेमन यांनी १९७४ पासून पुढे आज्ञावलीच्या उत्क्रांतीचे काही नियम मांडले. त्यांपैकी एका नियमानुसार वापरात असलेल्या प्रणालीची जटिलता, ती कमी करण्यासाठी मुद्दाम काम केले नाही तर, वाढतच जाते. निष्कासन हे अशा मुद्दाम करावयाच्या कामांपैकी एक होय.

वापरबाह्यतेची कारणे : चांगल्या रीतीने लिहिलेले व एके काळी आवश्यक असलेले आज्ञाभाग निरनिराळ्या कारणांनी निरुपयोगी ठरतात.

(१) यंत्रसामग्री कालबाह्य होणे : इंटेल कंपनीचा ८०३८६ हा प्रक्रियक १९८५ मध्ये आला. लिनक्सचा जन्म याच प्रक्रियकाच्या संगणकावर झाला. या प्रक्रियकात एक उणीव होती. ‘या पृष्ठावर लिहू नये’ अशी खूण पृष्ठसारणीत केली, तरी गाभा स्वतः लिहीत असताना प्रक्रियक ती खूण मानीत नसे. दोन कार्यक्रमांनी एकच पृष्ठ सामायिक वापरावे व त्यांपैकी एकाने लिहावयास घेताच त्याला वेगळी प्रत द्यावी, ही काटकसरीची पद्धत पूर्णपणे या खुणेवर आधारलेली आहे. त्यामुळे ८०३८६ साठी गाभ्याला प्रत्येक लेखनापूर्वी पृष्ठाची स्वतः तपासणी करावी लागे. १९८९ च्या ८०४८६ या प्रक्रियकात ही उणीव दूर झाली. तथापि जुन्या प्रक्रियकासाठी केलेली ही तजवीज लिनक्समध्ये फेब्रुवारी २०१३ मधील ३.८ या आवृत्तीपर्यंत राहिली व त्या आवृत्तीत ८०३८६ चा आधारच काढून घेण्यात आला.

याउलट इंटेलच्या ‘एमपीएक्स’ या स्मृति-संरक्षण सुविधेचे आयुष्य अल्प ठरले. लिनक्समध्ये ती २०१५ मध्ये ३.१९ या आवृत्तीत आली. २०१९ मध्ये जीसीसी या प्रमुख अनुवादक आज्ञावलीने तिचा आधार काढला आणि २०२० मधील ५.६ या आवृत्तीत लिनक्सच्या गाभ्यातूनही ती गेली.

(२) अधिक चांगला पर्याय उपलब्ध होणे : संगणक सुरू होताना नेहमीची वाटपयंत्रणा उभी राहण्यापूर्वी स्मृती देणारी ‘बूटमेम’ ही यंत्रणा ‘मेमब्लॉक’ या पर्यायामुळे अनावश्यक झाली व २०१८ मधील ४.२० या आवृत्तीत काढली गेली. भौतिक स्मृतीत मोठी रिकामी अंतरे असलेल्या संगणकांसाठी असलेली ‘डिसकाँटिगमेम’ ही रचना २०२१ मध्ये ५.१४ या आवृत्तीत निष्कासित झाली. तिचा पर्याय असलेली ‘स्पार्समेम’ रचना २००५ पासूनच उपलब्ध होती. म्हणजे दोन्ही रचना सु. सोळा वर्षे शेजारी नांदत होत्या.

(३) मूळ गरज नाहीशी होणे : ३२ द्विमान संगणकात एका कार्यक्रमाला सामान्यतः तीन गिगाबाइट एवढाच पत्ता-अवकाश मिळे. मोठ्या विदासंचांवर काम करणाऱ्या आज्ञावलींना फाइलीतील पाने हव्या त्या क्रमाने या अवकाशात आणता यावीत, यासाठी २००२ मध्ये ‘रीमॅप फाइल पेजेस’ ही सेवा गाभ्यात आली. ६४ द्विमान संगणकांत पत्त्यांची टंचाईच उरली नाही. तरीही या एका सेवेसाठी पृष्ठसारणीच्या नोंदीत एक वेगळी खूण राखून ठेवावी लागत होती व पृष्ठे हाताळणाऱ्या अनेक आज्ञाभागांना अपवाद सांभाळावे लागत होते.

(४) एकमेव उपभोक्ता नाहीसा होणे : ‘क्लीनकॅश’ ही यंत्रणा २०११ मध्ये ३.० या आवृत्तीत आली. एकाच यंत्रावर अनेक आभासी संगणक चालविणाऱ्या झेन या प्रणालीला टाकून दिलेली पृष्ठे सोपविता यावीत, हा तिचा मुख्य हेतू होता. झेनशी जोडणारा चालक-भाग २०१९ मध्ये ५.३ या आवृत्तीत काढण्यात आला. त्यानंतर क्लीनकॅशला काम देणारा कोणीच उरला नाही. परंतु फाइल-व्यवस्थापनाच्या वाटेवर तिच्यासाठी ठेवलेले थांबे तसेच होते. २०२२ मधील ५.१७ या आवृत्तीत ती काढली गेली. तिचीच जोडयंत्रणा असलेल्या ‘फ्रंटस्वॅप’चा ‘झेडस्वॅप’ हा एकच उपभोक्ता राहिला होता. एका उपभोक्त्यासाठी मध्यस्थ ठेवण्याचे कारण नसल्याने २०२३ मधील ६.६ या आवृत्तीत झेडस्वॅपची गाठ थेट गाभ्याशी घालून मध्यस्थ दूर करण्यात आला.

(५) उपयोगापेक्षा धोका अधिक होणे : गाभ्याची आभासी स्मृती फाइलीप्रमाणे वाचू-लिहू देणारे ‘केमेम’ नावाचे साधन चोरट्या घुसखोर आज्ञावलींच्या सोयीचे होते व रास्त वापर जवळजवळ संपला होता. २०२१ मध्ये ५.१३ या आवृत्तीत ते काढून टाकले गेले.

न काढल्यास होणारे परिणाम : न वापरलेला आज्ञाभाग निष्क्रिय असतो, म्हणून तो निरुपद्रवी असावा हा समज बरोबर नाही. गाभ्याची अंतर्गत रचना सतत बदलत असते व प्रत्येक बदल करणाऱ्याला असा भागही समजून घेऊन नव्या रचनेशी जुळवून घ्यावा लागतो. तो कोणी चालवीत नसल्याने केलेला बदल बरोबर आहे किंवा नाही हेही कळत नाही. अशा रीतीने वापर शून्य असला, तरी देखभालीचा खर्च चालूच राहतो.

अधिक गंभीर परिणाम सुरक्षिततेवर होतो. २०१६ मध्ये उघडकीस आलेला ‘डर्टी काऊ’ हा दोष या दृष्टीने बोधप्रद आहे. या दोषामुळे सामान्य वापरकर्त्याला फक्त वाचण्याची मुभा असलेल्या फाइलीत लिहिता येत असे व त्यातून संपूर्ण संगणकाचा ताबा मिळविता येई. दोष उघड झाला तेव्हा प्रत्यक्ष हल्ल्यात त्याचा वापर होत असल्याचे आढळले. दोष होता तो लेखनाच्या वेळी वेगळी प्रत देण्याच्या, वर उल्लेखिलेल्या पद्धतीच्या अंमलबजावणीत. टॉर्व्हाल्ड्स यांनी २००५ मध्येच त्यावर एक दुरुस्ती केली होती. पण आयबीएमच्या एस/३९० या संगणक-रचनेवर ती अडचणीची ठरल्याने मागे घेण्यात आली. पुढे त्या रचनेतील अडचण दूर झाली. मात्र तिच्यामुळे सोडून दिलेली दुरुस्ती पुन्हा हाती घेण्याचे राहून गेले. हा दोष वापरबाह्य आज्ञाभागात नव्हता, हे खरे. तथापि संपून गेलेल्या कारणाची आज्ञापाठात राहिलेली छाया किती महाग पडू शकते, हे त्यावरून दिसते. जुनी कारणे वेळोवेळी तपासून पाहणे हा निष्कासनाच्या कामाचा गाभाच होय.

वापरबाह्यतेची निश्चिती : या कामातील सर्वांत कठीण टप्पा हा आहे. सोयीसाठी आज्ञाभागांचे तीन वर्ग करता येतात.

पहिल्या वर्गात गाभ्यातून कोठूनही न बोलाविले जाणारे आज्ञाभाग येतात. एकाच फाइलीपुरते मर्यादित असलेले असे भाग अनुवादक आज्ञावली स्वतःच दाखवून देते व फाइलीबाहेर दिसणाऱ्यांसाठी संपूर्ण आज्ञापाठात नावाचा शोध घेता येतो. तथापि येथेही सावधगिरी लागते. लिनक्स अनेक प्रकारच्या संगणक-रचनांवर चालते व बांधणीच्या वेळी हजारो पर्यायांतून निवड करता येते. एका निवडीत निरुपयोगी दिसणारा भाग दुसऱ्या निवडीत अत्यावश्यक असू शकतो. काही नावे तर पूर्वप्रक्रियेत तुकडे जोडून तयार होतात व साध्या शोधात सापडत नाहीत.

दुसऱ्या वर्गात गाभ्याने आपल्या जोड-घटकांसाठी खुले केलेले आज्ञाभाग येतात. असे घटक लिनक्सच्या अधिकृत आज्ञापाठाबाहेरही लिहिले जातात. याबाबत लिनक्सचे धोरण स्पष्ट आहे : अंतर्गत रचना स्थिर ठेवण्याचे वचन दिलेले नसून, अधिकृत आज्ञापाठात उपभोक्ता नसेल, तर तो भाग काढता येतो.

तिसऱ्या वर्गात वापरकर्त्याच्या कार्यक्रमांना थेट दिसणाऱ्या सेवा येतात. येथे धोरण नेमके उलटे आहे. पूर्वी चालणारा कार्यक्रम गाभ्याच्या नव्या आवृत्तीवर बंद पडता कामा नये, हा लिनक्सचा कटाक्षाने पाळला जाणारा नियम आहे. जगात कोणाच्या संगणकावर कोणता कार्यक्रम चालू आहे, याची यादी कोठेही नसते. त्यामुळे ‘उपयोग आढळला नाही’ व ‘उपयोग नाही’ या दोन विधानांतील अंतर या वर्गात सर्वांत मोठे असते.

कार्यपद्धती : हे अंतर कमी करण्यासाठी काही पायऱ्या रूढ झाल्या आहेत. प्रथम तो आज्ञाभाग त्याज्य म्हणून घोषित केला जातो. बांधणीच्या पर्यायाचे नाव बदलून त्यात ‘त्याज्य’ या अर्थाचा शब्द घालतात, म्हणजे जुनी निवड आपोआप पुढे चालत नाही व बांधणाऱ्याला जाणीवपूर्वक निर्णय घ्यावा लागतो. सेवा असल्यास ती वापरली जाताच गाभ्याच्या नोंदवहीत इशारा उमटेल अशी व्यवस्था करतात. नंतर काही आवृत्त्या वाट पाहिली जाते. कोणी हरकत घेतल्यास त्याची गरज समजून घेऊन पर्याय सुचविला जातो किंवा निष्कासन पुढे ढकलले जाते. अखेरीस आज्ञाभाग लहान लहान टप्प्यांनी काढला जातो. प्रत्येक टप्प्यानंतर गाभा बांधता व चालविता येईल अशी काळजी घेतात. त्यामुळे पुढे काही बिघडल्यास नेमका कोणता टप्पा कारणीभूत आहे हे शोधता येते.

‘रीमॅप फाइल पेजेस’ सेवेच्या बाबतीत याहून वेगळा मार्ग निवडण्यात आला. २०१४ मधील ३.१६ या आवृत्तीत ती त्याज्य ठरली व २०१५ मधील ४.० या आवृत्तीत तिची मूळ यंत्रणा काढण्यात आली; परंतु सेवेचे नाव कायम ठेवून तेच काम अनेक साध्या जोडण्यांच्या साहाय्याने करून देणारे अनुकरण बसविले गेले. जुने कार्यक्रम चालत राहिले. मात्र हे अनुकरण मुळाहून मंद असून, एका कार्यक्रमाला करता येणाऱ्या जोडण्यांची नेहमीची मर्यादा ६५,५३० असल्याने तिचेही बंधन त्यावर पडते. वचन पाळून जटिलता दूर करण्याचा हा मध्यममार्ग होय.

तीन वाटपयंत्रणांचे उदाहरण : निष्कासनातील लाभ व तोटा या दोहोंचे दर्शन छोट्या स्मृतिखंडांच्या वाटपयंत्रणांच्या इतिहासात होते. सन मायक्रोसिस्टिम्स या कंपनीतील जेफ बॉनविक यांनी १९९४ मध्ये सनओएस ५.४ या प्रणालीसाठी ‘स्लॅब’ ही पद्धत विकसित केली. एकाच प्रकारच्या वस्तूंसाठी पृष्ठे आधीच आखून ठेवावीत व मोकळी झालेली वस्तू पुढील मागणीसाठी तशीच जपून ठेवावी, हे तिचे तत्त्व. याच तत्त्वावरील यंत्रणा लिनक्समध्येही आली. २००६ मध्ये मॅट मॅकॉल यांची ‘स्लॉब’ ही अतिशय लहान यंत्रणा अल्प स्मृतीच्या उपकरणांसाठी समाविष्ट झाली. जुन्या स्लॅबमध्ये प्रत्येक प्रक्रियक व प्रत्येक स्मृति-केंद्रासाठी ठेवाव्या लागणाऱ्या रांगा प्रचंड संगणकांवर फारच फुगत. यावर उपाय म्हणून क्रिस्टोफ लामेटर यांनी ‘स्लब’ ही तिसरी यंत्रणा लिहिली. ती २००७ मध्ये २.६.२२ या आवृत्तीत आली व लगेच पुढच्या आवृत्तीत मूलनिर्धारित यंत्रणा झाली.

जुन्या दोन यंत्रणा मात्र राहिल्या. काही प्रकारच्या कामांत स्लॅब अधिक वेगवान आढळे, तर स्लॉबला सर्वांत कमी स्मृती लागे. परिणामी स्मृतीच्या हिशेबाची वा दोषशोधनाची प्रत्येक नवी सोय एकाहून अधिक ठिकाणी लिहावी लागे किंवा एखाद्या यंत्रणेपुरती सोडून द्यावी लागे. स्लॉबच्या एका वैशिष्ट्याचा जाच तर सबंध गाभ्याला होई. ठरावीक वस्तूंच्या साठ्यातून दिलेल्या खंडाचा आकार ती खंडासोबत नोंदवीत नसे. त्यामुळे असा खंड परत करताना तो कोणत्या साठ्यातील आहे, हे सांगणे बंधनकारक होते. सर्वसाधारण परतीची आज्ञा तेथे चालत नसे. स्लॉब थोड्याच उपकरणांवर असली, तरी हे बंधन सर्वांना पाळावे लागे.

व्लास्तिमिल बाब्का यांच्या पुढाकाराने २०२३ मधील ६.२ या आवृत्तीत स्लॉब त्याज्य ठरविली गेली व त्याच आवृत्तीत लहान उपकरणांसाठी ‘स्लब टायनी’ हा काटकसरीचा पर्याय देण्यात आला. ६.४ या आवृत्तीत स्लॉबचे निष्कासन झाले आणि परतीच्या आज्ञेवरील बंधनही संपले. स्लॅब ६.५ या आवृत्तीत त्याज्य ठरून मार्च २०२४ मधील ६.८ या आवृत्तीत काढली गेली. आज्ञापाठातील काही हजार ओळी त्यामुळे कमी झाल्या. याहून महत्त्वाची गोष्ट म्हणजे तीन यंत्रणांना समान ठेवण्यासाठी घातलेले मधले थर दूर करून उरलेल्या एकीत सुधारणा करणे शक्य झाले. ‘स्लॅब’ हे नाव मात्र उरले आहे. स्मृतीच्या वापराची आकडेवारी देणारी ‘स्लॅबइन्फो’ ही फाइल बाहेरील कार्यक्रम वाचीत असल्याने ती त्याच नावाने चालू ठेवण्यात आली आहे.

मर्यादा व उत्तरदायित्व : निष्कासनाचा लाभ सर्वांना थोडा थोडा होतो, तर तोटा काही थोड्यांना पूर्णपणे सोसावा लागतो. ‘स्लब टायनी’ स्लॉबची उणीव बरीच भरून काढते. परंतु तिला स्लॉबपेक्षा काहीशी अधिक स्मृती लागते. मोजक्या मेगाबाइटांच्या उपकरणावर हा फरक जाणवण्याजोगा असतो. शिवाय अशा उपकरणांचे निर्माते गाभ्याची एखादी दीर्घकाळ सांभाळली जाणारी जुनी आवृत्ती घेऊन अनेक वर्षे तीच वापरतात. त्याज्यतेची घोषणा त्यांच्यापर्यंत पोहोचते तोवर निष्कासन होऊन गेलेले असते. म्हणून प्रतीक्षेच्या काळातील मौन हा निरुपयोगितेचा पूर्ण पुरावा मानता येत नाही. तो केवळ एक संकेत असतो. कोणतीही सुविधा राखण्यासाठी ती वापरणाऱ्यांपैकी कोणी तरी पुढे येऊन तिच्या चाचणीचा व देखभालीचा भार घ्यावा लागतो, ही अपेक्षा रास्त असली, तरी तसे करण्याचे सामर्थ्य प्रत्येक वापरकर्त्याजवळ असतेच असे नाही.

या अडचणीवर दोन गोष्टींचा आधार मिळतो. एक म्हणजे काढलेला आज्ञाभाग इतिहासातून नष्ट होत नाही. आवृत्ति-नोंदींत तो व त्याच्या निष्कासनाचे कारण ही दोन्ही सुरक्षित राहतात; गरज सिद्ध झाल्यास तो परत आणता येतो. दुसरी म्हणजे ज्या जुन्या आवृत्त्या सांभाळल्या जात आहेत, त्यांत तो भाग त्यांच्या मुदतीपर्यंत उपलब्ध असतो. म्हणून निष्कासनाचे कारण लिहिताना केवळ ‘उपयोग नाही’ एवढे न नोंदविता, तो भाग कोणासाठी आला होता, ती गरज केव्हा संपली व आता कोणता पर्याय आहे, हे नमूद करण्याची पद्धत पडली आहे. अशी नोंद असल्यास पुढील काळात निर्णयाची फेरतपासणी करणाऱ्यास मूळ कारणापर्यंत पोहोचता येते.